ट्रामगाडी व तिचे जुने चित्रपट

‘दादर टी. टी.’ हे नाव मुंबईतील कोणत्या विद्यार्थ्याच्या कानावरून गेलेले नाही? परंतु या दोन अक्षरांचा अर्थ विचारला असता दहांपैकी नऊ मुले गप्प बसतील, आणि दहावा एखादा धीट मुलगा ‘तिकीट तपासनीस’ असे उत्तर देऊन मोकळा होईल. वस्तुतः ती अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांची आहेत. ट्रामगाडीचे अखेरचे ठाणे तेथे होते. गाडी गेली, तिच्या तारा गेल्या, ठाणेही गेले. लोकांच्या तोंडी नाव तेवढे राहिले.

घरातील वडील माणसांजवळ ट्रामचा विषय काढून पाहा. आजोबांची मुद्रा एकदम बदलते. ‘आमच्या वेळची ट्राम!’ असे म्हणून ते थोडा वेळ थांबतात आणि मग घंटा, एक आण्याचे तिकीट, खिडकीतून येणारा वारा असे एकेक सांगू लागतात. नातवास मात्र प्रश्न पडतो की, रस्त्याच्या मधोमध खडखडत जाणाऱ्या त्या संथ गाडीत हळहळण्यासारखे होते तरी काय? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. त्याचे उत्तर देण्यास आजोबांच्या आठवणीखेरीज आणखी एक साक्षीदार आपणांजवळ आहे. तो म्हणजे जुन्या काळी ट्रामगाड्यांचे आणि ट्रामगाड्यांतून घेतलेले चित्रपट. या दोन साक्षी ताडून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम गाडीची हकीकत सांगितली पाहिजे. मुंबईत पहिली ट्राम 9 मे 1874 रोजी चालू झाली. ती घोड्यांची होती. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीस. आरंभी भाडे तीन आणे होते आणि तिकीट देण्याची चालच नव्हती. पुढे गर्दी वाढली, भाडे दोन आण्यांवर आले. आणि फुकट प्रवास करणारेही वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकिटे सुरू करावी लागली! कंपनीच्या पागेत सुमारे नऊशे घोडे होते असे सांगतात. नाशिकासही गावापासून नाशिकरोड स्टेशनापर्यंत एके काळी घोड्यांचीच ट्राम चालत असे, हे तिकडील पालकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल.

घोडेच जुंपावयाचे तर रूळ कशाला, असे कोणी विचारील. खडीच्या रस्त्यावर चाक रुतते, अडखळते, आणि जनावराची निम्मी शक्ती त्यातच खर्च होते. लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर फिरू लागले म्हणजे घर्षण फारच कमी होते, आणि तेच दोन घोडे कितीतरी अधिक माणसे ओढून नेतात. रुळाच्या माथ्यावर खाच ठेवून तो रस्त्याच्या पातळीत बसविला म्हणजे इतर गाड्यांसही त्यावरून जाता येते. आगगाडीच्या रुळांत आणि ट्रामच्या रुळांत मुख्य भेद हाच. आगगाडीस स्वतःचा वेगळा मार्ग लागतो. ट्राम सर्वांच्या रस्त्यातून सर्वांबरोबर चालते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण ट्रामची गोडी आणि ट्रामचा शेवट ही दोन्ही त्यातूनच निघाली.

विजेची ट्राम मुंबईत 7 मे 1907 रोजी आली. म्युनिसिपालिटीच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत तिची पहिली फेरी झाली. विजेच्या ट्रामची रचना मोठी मनोरंजक आहे. डोक्यावर तांब्याची तार ताणलेली असते. गाडीच्या टपावरून एक लांब दांडा निघतो, त्याच्या टोकास खाचेचे लहानसे चाक असते, आणि स्प्रिंगच्या जोराने ते त्या तारेस खालून दाबून धरलेले असते. वीज तारेतून दांड्यात, दांड्यातून ड्रायव्हरपुढील पेटीत, तेथून चाकांजवळच्या मोटारींत उतरते, आणि आपले काम करून चाकांवाटे रुळांत शिरते. रूळच तिचा परतीचा मार्ग! म्हणून वर एकच तार पुरते. ड्रायव्हरच्या हातातील मूठ एकेक घर पुढे सरकली की मोटारींस मिळणारा प्रवाह वाढत जातो. गाडी सुटताना दोन्ही मोटारी एकीमागे एक जोडलेल्या असतात. वेग आल्यावर त्या शेजारी शेजारी जोडल्या जातात, जेणेकरून प्रत्येकीस पुरा दाब मिळावा. ड्रायव्हरच्या पायाशी घंटेची कळ असे. हात मुठीवर आणि ब्रेकवर गुंतलेले, म्हणून घंटा पायाने वाजवावयाची. पावसात रूळ निसरडे झाले तर चाकापुढे वाळू सोडण्याचीही सोय असे. ज्या गाडीस दोन्ही टोकांस ड्रायव्हरची जागा असे, ती शेवटच्या ठाण्यावर वळवावी लागत नसे. टपावरचा दांडा दोरीने ओढून उलट बाजूस फिरविला, ड्रायव्हर मूठ काढून घेऊन दुसऱ्या टोकास गेला, की गाडीचे मागील तोंड पुढचे झाले! मुलांस हा प्रकार पाहण्याची फार हौस असे, यात नवल नाही.

सप्टेंबर 1920 मध्ये दुमजली ट्राम आली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, आणि तेव्हापासून ट्रामला प्रतिस्पर्धी निर्माण झाला. त्याविषयी पुढे.

आता चित्रपटांकडे वळू. मुंबईत पहिला चित्रपट दाखविण्यात आला तो 7 जुलै 1896 रोजी, वॉटसन हॉटेलात. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंचा तो खेळ होता. तिकीट एक रुपया, म्हणजे ट्रामच्या कित्येक फेऱ्यांचे भाडे. त्या दिवशी दाखविलेल्या लहानशा चित्रांत स्टेशनात शिरणारी आगगाडी होती. चाकांवरून जाणाऱ्या स्त्रिया आणि शिपाईही होते. पाहा, चित्रपट जन्मास आला तोच मुळी वाहनांकडे टक लावून! कारण उघड आहे. ज्या यंत्राचा सारा पराक्रम हालचाल दाखविण्यात, ते यंत्र डोंगराचे चित्र कशाला घेईल? त्या दिवसांत शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्या चालू होत्या. म्हणजे एक रुपया देऊन आत भिंतीवर गाडी पाहावयाची आणि बाहेर येऊन खऱ्या गाडीत बसून घरी जावयाचे, असा प्रकार झाला असला पाहिजे. आपल्या मराठी माणसांपैकी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, यांनी पुढे स्वतःचा कॅमेरा मागवून 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्र घेतले, आणि 1901 मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले तेव्हा त्यांच्या आगमनाचेही घेतले.

त्या काळचा कॅमेरा जागच्या जागी उभा असे. त्यास मान वळविणेही कठीण. 1896 मध्येच ल्युमिएर यांचा प्रोमिओ नावाचा एक छायाचित्रकार व्हेनिसला गेला असता त्याने कॅमेरा नावेत ठेवला, आणि दोन्ही काठांवरील वाडे पडद्यावर आपोआप सरकू लागले. ही युक्ती साधताच आगगाडी, ट्राम, जे मिळेल त्याच्या तोंडावर कॅमेरा बसविण्याची लाटच आली. यांत ट्राम सर्वांत सोयीची ठरली. बैलगाडी किंवा घोडागाडी हादरे देते, त्यामुळे चित्र नाचते. ट्राम रुळावर असल्यामुळे स्थिर चालते. आगगाडी गावाबाहेरून जाते, ट्राम थेट बाजारपेठेतून. शिवाय तिचा वेग बेताचा, त्यामुळे समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येईपर्यंत दिसतो.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. ट्रामच्या तोंडावरून घेतलेल्या चित्रपटात ट्राम दिसतच नाही! तिचा फार तर पुढचा रूळ दिसतो. दिसतो तो रस्ता: हातगाडीवाला, टोपी सावरणारा गृहस्थ, आडवा पळणारा पोरगा, दुकानाच्या पाट्या, भिजलेली फरसबंदी. आजोबा ज्या गाडीसाठी हळहळतात ती गाडीही बहुधा अशीच असावी. त्यांना लोखंडाची आठवण येत नाही. त्या लोखंडावर बसून जो रस्ता दिसे, त्याची येते.

अशा चित्रपटांत सर्वांत प्रसिद्ध आहे तो अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचा. माइल्स बंधूंनी 1906 मध्ये तेथील मार्केट स्ट्रीट या हमरस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर कॅमेरा बसवून सुमारे तेरा मिनिटांचे चित्र घेतले. त्या गाड्या घोड्यांच्याही नव्हेत आणि विजेच्याही नव्हेत. रस्त्याच्या पोटात एका चरातून तारांचा दोर अखंड सरकत असे. गाडी आपल्या चिमट्याने तो दोर पकडी आणि पुढे जाई, थांबावयाचे झाले म्हणजे सोडून देई. रस्त्याच्या शेवटी बंदरावरील मनोऱ्याची इमारत प्रथम बोटाएवढी दिसते आणि पाहता पाहता सारा पडदा व्यापते. मध्ये लोक खुशाल गाडीपुढून जातात, मोटारी मनास वाटेल तशा आडव्या येतात, कोणी कोणास ओरडत नाही. पाहणारा म्हणतो, काय ते सुखाचे दिवस!

हा चित्रपट नेमका केव्हाचा, याविषयी पुष्कळ वर्षे चुकीची समजूत होती. तो 1905 च्या शरद ऋतूतील आहे असे ग्रंथालयाच्या नोंदीत लिहिलेले होते. डेव्हिड कीन नावाच्या चित्रपटाच्या इतिहासकाराने तपास केला. रस्त्यावर पाण्याची डबकी दिसतात, तेव्हा पाऊस केव्हा पडला हे त्याने जुन्या वर्तमानपत्रांतून शोधले. चित्रातील एका मोटारीचा क्रमांक वाचून तिची नोंदणी केव्हा झाली ते पाहिले. माइल्स बंधूंची त्या वेळची जाहिरात मिळविली. यावरून त्याने ठरविले की, हे चित्र 14 एप्रिल 1906 च्या सुमाराचे आहे. 18 एप्रिल रोजी पहाटे त्या शहरात भूकंप झाला, त्यामागून आग लागली, आणि सुमारे तीन हजार माणसे प्राणांस मुकली असे मानतात. त्या रस्त्यावरील बहुतेक घरे नाहीशी झाली. माइल्स बंधूंचे स्वतःचे दुकानही जळाले. चित्राची फीत आदल्याच दिवशी आगगाडीने न्यूयॉर्ककडे रवाना झाली होती, म्हणून ती वाचली. हे कळल्यावर तोच चित्रपट पुन्हा पाहवत नाही, इतका बदलतो. तो टोपीवाला, तो वर्तमानपत्रे विकणारा पोर, यांच्यापुढे अवघे चार दिवस होते.

परंतु याच चित्रपटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण साक्षीदार कितीही भला असला तरी त्याची उलटतपासणी होणे अवश्य आहे. चित्रात मोटारी पुष्कळ दिसतात. बारकाईने पाहणाऱ्यांनी त्यांचे क्रमांक ताडले, तेव्हा बहुतेक मोटारी त्याच त्याच निघाल्या. एक तर कॅमेऱ्याभोवती दहा वेळा फिरलेली आहे! शहर श्रीमंत आणि आधुनिक दिसावे म्हणून हा बनाव केला होता असे दिसते. हल्ली मोबाईलवर अशा जुन्या चित्रपटांस रंग आणि आवाज देऊन दाखवितात. ते पाहताना हेही ओळखले पाहिजे की, मूळ फीत काळीपांढरी आणि मुकी होती. त्या बाईच्या झग्याचा निळा रंग यंत्राने अंदाजाने भरलेला आहे, आणि जी घंटा ऐकून आपण गहिवरतो ती त्या दिवशीची नव्हे.

आठवणीचेही असेच असते. गर्दीत दांड्यास लोंबकळणे, उन्हात रस्त्याच्या मधोमध गाडीची वाट पाहणे, एक गाडी बिघडली की मागे दहा गाड्यांची माळ लागणे, हे आजोबा क्वचितच सांगतात. नऊशे घोड्यांच्या दृष्टीने पहिल्या ट्रामचा इतिहास कोणी लिहिला असता तर तो इतका गोड खचित झाला नसता.

इंग्लंडातील ब्लॅकबर्न गावी मिचेल आणि केनियन नावाचे दोन गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगाव फिरून रस्त्यांची, गिरण्यांच्या दारांची आणि ट्रामगाड्यांची चित्रे घेत. त्यांचा धंदा साधा होता: दिवसा लोकांचे चित्र घ्यावयाचे आणि मग त्याच लोकांस तिकीट लावून ते दाखवावयाचे. स्वतःस पडद्यावर पाहण्यास कोण येणार नाही? पुढे धंदा बंद झाला आणि सर्व विसरले. 1994 मध्ये त्यांच्या जुन्या दुकानाच्या तळघरात पिंपांत भरून ठेवलेल्या सुमारे आठशे फिती सापडल्या. गिरणीतून सुटलेली बारा वर्षांची मुले त्यांत दिसतात. अंगावर मोठ्या माणसाचा कोट, तोंडावर हसू. आज त्या वयाचे विद्यार्थी आपल्या शाळेच्या पटांगणात खेळतात.

लंडनमधील ट्रामचा शेवट 1952 च्या जुलैमध्ये झाला. जॉन क्रिश नावाच्या तरुण दिग्दर्शकास सरकारी वाहतूक खात्याच्या चित्रपट विभागाने सांगितले होते की, शेवटच्या रात्रीचा समारंभ तेवढा टिपावा. क्रिशला ते पटले नाही. समारंभात भाषणे असतात, ट्राम नसते! त्याने हुकूम मोडून अखेरच्या दिवसांतील नेहमीच्या फेऱ्या, नेहमीचे उतारू आणि वरच्या मजल्यावर बसलेले एक म्हातारे जोडपे यांचे चित्र घेतले. लोकांनी आठवण म्हणून रुळांवर पैसे ठेवले आणि शेवटच्या गाड्यांखाली ते चपटे करून घेतले. क्रिशची नोकरी गेली. ‘हत्ती विसरणार नाही’ अशा अर्थाच्या नावाचा त्याचा चित्रपट मात्र त्या विभागाच्या सर्वांत लोकप्रिय चित्रपटांत गणला गेला. त्या नावातील ‘हत्ती’ म्हणजे जनावर नव्हे, ट्रामचे अनेक मार्ग जेथे मिळत त्या लंडनमधील चौकाचे नाव.

आपल्याकडेही चित्रपटांनी ट्रामला जागा दिली आहे. ‘सी. आय. डी.’ या 1956 च्या हिंदी चित्रपटातील मुंबईवरच्या प्रसिद्ध गाण्यात तिचा उल्लेख येतो. सत्यजित राय यांच्या ‘महानगर’ या 1963 च्या बंगाली चित्रपटाचा आरंभच तारेवरून सरकणाऱ्या ट्रामच्या दांड्यापासून होतो. मधूनमधून ठिणगी उडते, आणि घराबाहेर पडून नोकरी करू पाहणाऱ्या एका स्त्रीची कथा सुरू होते.

मुंबईची ट्राम गेली ती कोणा एकाच्या दुष्टपणामुळे नव्हे. सर्वांबरोबर रस्त्यातून चालणे हा तिचा गुण होता असे वर म्हटले. मोटारी वाढल्यावर तोच दोष ठरला. रुळावरून तिला बाजूस होता येईना, मागच्यास तिला ओलांडता येईना, आणि उतारूंस भर रहदारीत रस्त्याच्या मध्यावर उतरावे लागे. रूळ आणि तारा यांचा खर्च निराळाच. बसला यातले काही नको. उद्या मार्ग बदलला तर चाक वळविले की झाले. 7 ऑगस्ट 1947 रोजी हा कारभार म्युनिसिपालिटीकडे आला, पुढे 1953 पासून एकेक मार्ग बंद होत गेला, आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. ती खच्चून भरली होती, आणि निरोप द्यावयास लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभे होते.

तो निर्णय त्या वेळच्या हिशेबाने शहाणपणाचा वाटला असेल. पण तो हिशेब अपुरा होता असे प्रस्तुत लेखकास वाटते. पॅरिसने आपली जुनी ट्राम 1938 मध्ये बंद केली आणि 1992 मध्ये नवी सुरू केली. मँचेस्टरने 1949 मध्ये बंद केली आणि तीही 1992 मध्येच परत आणली. स्ट्रासबुर्गमध्ये ती 1994 मध्ये आली. फरक इतकाच की, या नव्या ट्रामला पुष्कळ ठिकाणी मोटारींपासून अलग पट्टा राखून दिलेला आहे. अडथळा ट्रामचा होता की मोटारींचा, हा प्रश्न 1964 मध्ये कोणी फारसा विचारला नाही.

त्या रात्री दहा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. आपल्या घरी असे कोणी असेल तर विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. ‘मजा वाटे का?’ असे विचारल्यास ‘फार!’ एवढेच उत्तर मिळेल. तेव्हा असे विचारावे: आजोबा, आपण गाडीत कोणत्या ठिकाणी चढत असा? कोठे उतरत असा? उजव्या हातास पहिले दुकान कोणते लागे? कंडक्टर काय म्हणून ओरडे? आजी, आपण एकट्या जात होता की कोणी बरोबर असे? पावसात पाणी तुंबले म्हणजे गाडी कोठे थांबे? असे एकेक ठिकाण विचारीत गेले म्हणजे वहीच्या पानावर ट्रामच्या तोंडावरून घेतल्यासारखा रस्ता सरकू लागतो. आणि हो, एकाच रस्त्याची हकीकत दोघांस वेगवेगळी विचारावी. आजी आणि आजोबा यांचा कोठे मेळ बसत नाही ते पाहण्यातच खरी गंमत आहे.

अनेक ठिकाणी रूळ उपटून काढण्याचे श्रमही कोणी घेतले नव्हते. त्यांवर डांबर घालून रस्ता पुढे चालू केला गेला होता. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचे काम 2019 मध्ये पुरे झाले. ते चालू असता कारंज्याजवळची जमीन उकरली, तेव्हा डांबराच्या थराखाली जुन्या काळ्या फरसबंदीत बसविलेले ट्रामचे रूळ जागच्या जागी सापडले.